फोटॉनिक्स शिकायचं म्हणताय? आधी एक केस मोजून बघा

"ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स आणि फोटॉनिक्समध्ये मास्टर्स करायचं म्हणतेय," असं घरातल्या मुलीनं जाहीर केलं की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले. आजी विचारते, "म्हणजे चष्म्याचे नंबर काढायचं का गं?" काका विचारतात, "सगळं जग कॉम्प्युटरमागे धावतंय, तू मध्येच हे काय काढलंस?" आणि बाबा तोंडानं काही विचारत नाहीत. ते मनातल्या मनात दोन वर्षांची फी, होस्टेल आणि नंतरच्या नोकरीचा हिशेब मांडत बसतात.

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. अडचण एवढीच, की पुष्कळदा उत्तर देणाऱ्या मुलीला किंवा मुलालाही त्याबद्दल फारसं ठाऊक नसतं. नाव भारदस्त वाटतं, विद्यापीठाच्या वेबसाइटवर हिरव्या-निळ्या लेझरचे सुंदर फोटो असतात, आणि अर्ज जातो. पहिल्या सत्रात मॅक्सवेलची समीकरणं आणि अंधारी लॅब समोर आली की मग कळतं, आपण कशात पाऊल टाकलंय. तोवर पैसे भरलेले असतात आणि वर्षही सुरू झालेलं असतं.

इंदूरच्या मुलामुलींना या बाबतीत एक सोय आहे. हा विषय आपल्याला झेपेल का, आवडेल का, हे त्यांना गाव न सोडता आणि फी न भरता बऱ्याच अंशी कळू शकतं. ते कसं, ते पुढे येईलच. आधी विषय नेमका काय आहे ते पाहू.

प्रकाशाला कामाला लावायचं

विजेचा प्रकाश करायचा, प्रकाशाची वीज करायची, आणि हे दोन्ही अर्धवाहकाच्या लहानशा तुकड्यात घडवायचं, हे ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स. एलईडी, लेझर डायोड, सोलर पॅनल, कॅमेऱ्यातला सेन्सर ही सगळी त्याचीच मंडळी. फोटॉनिक्सचा पसारा त्याहून मोठा. प्रकाश निर्माण करणं, वाहून नेणं, वळवणं, मोजणं, त्यावर माहिती चढवणं आणि उतरवणं, असं सगळं त्यात येतं.

घरातलाच एक प्रयोग करा. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण बऱ्याच फोनच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. तो अवरक्त प्रकाश. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला दिसतो. असं का, याचं उत्तर अर्धवाहकाच्या 'बँडगॅप'मध्ये आहे, आणि मास्टर्सचं निम्मं पहिलं वर्ष याच शब्दाभोवती फिरतं.

घरात भिंतीवर जी इंटरनेटची पांढरी डबी असते, तिच्यात येणारी तार काचेची असते. काचेच्या या तारेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करून १९५४ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवता येतं. पण दूरवर संदेश पाठवायला ही काच कामाची नव्हती. तेव्हाच्या उत्तम काचेतही वीसेक मीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा भागच उरायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी म्हटलं, की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. ती काढली तर एक किलोमीटरनंतरही शंभरावा भाग उरेल, आणि तेवढा संदेशवहनाला पुरे आहे. चारच वर्षांनी अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तशी काच करून दाखवली. आजच्या तंतूत तोच शंभरावा भाग शंभर किलोमीटर गेल्यावर उरतो. काव यांना यासाठी २००९ चं नोबेल मिळालं.

वीस मीटर, एक किलोमीटर, शंभर किलोमीटर. आपण ज्यावर व्हिडिओ कॉल करतो, ती सगळी सोय या तीन आकड्यांच्या प्रवासातून आलेली आहे.

हिशेब, काच आणि हात

या विषयाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर जर्मनीतल्या येना या गावाकडे पाहावं. आज तिथे फोटॉनिक्सचं नामांकित मास्टर्स चालतं, आणि आपल्याकडची बरीच मुलं तिथे अर्ज करतात.

१८४६ मध्ये कार्ल झाइस या कारागिरानं येनाला सूक्ष्मदर्शकांचं छोटं वर्कशॉप काढलं. त्या काळी भिंगं घासून, बसवून, बघून, पुन्हा घासून, असं अंदाजानं काम चाले. हात उत्तम होता, पण एक यंत्र चांगलं निघालं म्हणून दुसरं तसंच निघेल याची खात्री नव्हती. झाइसनं १८६६ मध्ये विद्यापीठातल्या अर्न्स्ट आबं या सव्वीस वर्षांच्या भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी घेतलं. आबंनं भिंगांचं गणित मांडलं. १८७३ मध्ये त्यानं सिद्ध केलं, की भिंग कितीही उत्तम घासा, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान तपशील वेगळा दिसणार नाही. येनातल्या त्याच्या स्मारकावर हे सूत्र दगडात कोरलेलं आहे. पण गणिताला हवी तशी काच बाजारात मिळेना. मग १८८४ मध्ये ओटो शॉट या काचतज्ज्ञाला बरोबर घेऊन काचेचा कारखाना काढण्यात आला.

एक कारागीर, एक गणिती आणि एक पदार्थ जाणणारा, अशा तिघांनी मिळून हे शास्त्र उभं केलं. फोटॉनिक्सच्या आजच्या विद्यार्थ्याला ही तिन्ही कामं स्वतःच करावी लागतात. समीकरण सोडवता आलं पाहिजे, कोणता अर्धवाहक किंवा कोणती काच कुठे चालेल हे कळलं पाहिजे, आणि स्क्रू केसभर फिरवून किरण नेमक्या जागी बसवताही आला पाहिजे. यातली एक गोष्ट अजिबात नको असेल, तर ही पदवी जड जाते. तिन्हीची थोडी थोडी ओढ असेल, तर मात्र यात मन रमतं.

दोन वर्षांत काय काय शिकावं लागतं

बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रम चार सत्रांचा असतो. पहिल्या सत्रात पाया पक्का करून घेतात: विद्युतचुंबकीय लहरी, लेझरचं भौतिकशास्त्र, पुंजयामिकी, अर्धवाहक. बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स करून आलेल्यांना पुंजयामिकी नवी वाटते. एम.एस्सी. भौतिकशास्त्र करून आलेल्यांना सर्किट आणि सिग्नल नवे वाटतात. म्हणजे पहिले सहा महिने प्रत्येकाला कुठे ना कुठे अडखळायला होतंच.

बँडगॅपचं उदाहरण घेऊ. अर्धवाहकात इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर आला की मधल्या फरकाइतकी ऊर्जा बाहेर पडते. ती प्रकाशरूपानं पडली तर त्याचा रंग काढण्याचा हिशेब सोपा आहे: १२४० ला त्या फरकानं भागा, उत्तर नॅनोमीटरमध्ये येतं. फरक इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये घ्यायचा. गॅलियम आर्सेनाइडचा फरक १.४२, म्हणजे सुमारे ८७० नॅनोमीटर, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. सिलिकॉनचा फरक १.१२. मग सिलिकॉनचा एलईडी का नसतो? कारण सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला सरळ खाली उतरता येत नाही. स्फटिकाच्या कंपनांची मदत घ्यावी लागते, आणि त्या खटपटीत बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून कॉम्प्युटरची चिप सिलिकॉनची असली तरी लेझर दुसऱ्या पदार्थाचा करावा लागतो, आणि ही दोन्ही एकत्र कशी नांदवायची हा आजच्या संशोधनातला मोठा प्रश्न आहे.

पदार्थ जाणणं किती मोलाचं, हे निळ्या एलईडीनं दाखवलं. लाल आणि हिरवा एलईडी १९६० च्या दशकातच आले होते. निळ्यासाठी गॅलियम नायट्राइडचा निर्दोष स्फटिक हवा होता आणि तो काही केल्या वाढत नव्हता. जपानच्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी वर्षानुवर्षं भट्ट्यांशी झुंजून तो वाढवला. निळा मिळाला म्हणून पांढरा मिळाला, कारण आपल्या घरातल्या बहुतेक पांढऱ्या एलईडी बल्बात निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर लेप असतो. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्या तिघांना मिळालं.

दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात निवडीचे विषय येतात. प्रकाशतंतूंचं संदेशवहन, सेन्सर, वैद्यकीय उपयोग, नॅनोफोटॉनिक्स, पुंज-प्रकाशशास्त्र. शेवटचं सत्र, काही ठिकाणी पूर्ण दुसरं वर्ष, प्रबंधाचं. तो प्रबंध कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या लॅबमध्ये होतो, यावर पुढची नोकरी किंवा पीएच.डी. बरीचशी ठरते. त्यामुळे प्रवेश घेताना विद्यापीठाच्या नावाइतकंच तिथे कोणत्या लॅब आहेत ते पाहावं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच येतं. कॉम्प्युटर या विषयातून सुटत नाही. प्रकाश एखाद्या रचनेतून कसा जाईल हे आधी कॉम्प्युटरवर बघितल्याशिवाय आज कोणी चिप बनवत नाही. पायथन किंवा मॅटलॅब येत नसेल तर पहिल्या सत्रात पंचाईत होते. आणि एआयसाठी जी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहतायत, त्यांच्या आतलं दळणवळण बरंचसं प्रकाशानंच चालतं.

लॅबमधले दिवस

वेबसाइटवरच्या फोटोत न दिसणारा भाग हा. लेझर लॅबमध्ये मोठं, जड टेबल असतं. त्याच्या पायांत हवा भरलेली असते, म्हणजे रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्याची थरथर वर पोचू नये. त्यावर इंचाइंचाला भोकं, आणि त्या भोकांत घट्ट बसवलेले आरसे, भिंगं, तंतू.

पहिलं काम बहुधा असं असतं: लेझरचा किरण एकेरी तंतूत शिरवून दाखव. या तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या सात-आठव्या हिश्श्याइतका. दोन आरसे, चार स्क्रू. एक फिरवला की दुसरा बिघडतो. पहिल्यांदा करणाऱ्याचा आख्खा दिवस यात सहज जातो. हाती काय लागतं, तर मीटरवरचा एक आकडा. तो आकडा वाढलेला पाहून ज्याला जेवल्यासारखं समाधान वाटतं, त्यानं या वाटेला जावं.

लेझर लॅबचे नियम कडक असतात, आणि असायलाच हवेत. आत शिरताना बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं, कारण त्यांच्यावरून किरण कुठे उसळेल याचा नेम नाही. त्या त्या लेझरसाठीचाच चष्मा लावायचा. डोळे टेबलाच्या उंचीवर कधीही आणायचे नाहीत; खाली पडलेला स्क्रू उचलायचा असेल तर किरण आधी बंद करायचा. सगळ्यांत धोक्याचा लेझर न दिसणारा. झगझगीत प्रकाश दिसला की आपला डोळा आपोआप मिटतो, अवरक्त किरणाला तो मिटत नाही आणि आतला पडदा कायमचा भाजू शकतो. मुलाला किंवा मुलीला पाठवणाऱ्या आईबाबांनी संस्थेत लेझर सुरक्षेचं प्रशिक्षण देतात का, एवढं विचारलं तरी संस्थेची पारख होते.

दुसरी जागा क्लीन रूम. तिथे पायापासून डोक्यापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर मास्क. पावडर, काजळ, लिपस्टिक लावून आत जायचं नाही, कारण त्याचा एक कण चिपवर पडला तर महिन्याचं काम वाया. आत दिवे पिवळे, कारण चिपवर नक्षी उठवण्यासाठी लावतात त्या लेपावर निळ्या प्रकाशाचा परिणाम होतो. अशा क्लीन रूम प्रत्येक कॉलेजात परवडत नाहीत. म्हणून आयआयटी मुंबई, बेंगळुरूचं आयआयएस्सी अशा संस्थांमधल्या सोयी बाहेरच्या विद्यार्थ्यांना वापरू देणारी 'इन्युप' ही सरकारी योजना आहे. लहान संस्थेत शिकणाऱ्यांनी तिची माहिती जरूर काढावी.

कॅट रोडच्या पलीकडे

येनाची गोष्ट सांगताना इंदूर आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे ज्या रस्त्याला अजूनही सगळे कॅट रोड म्हणतात, त्याच्या टोकाशी १९८४ मध्ये सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी उभं राहायला सुरुवात झाली. २००५ मध्ये त्याला राजा रामण्णा यांचं नाव देण्यात आलं, पण इंदूरकरांच्या तोंडी 'कॅट' ते 'कॅट'च.

त्याचे संस्थापक संचालक डॉ. दिलीप भवाळकर. जन्म मध्य प्रदेशातल्या सागरचा, शिक्षण सागर विद्यापीठात आणि पुढे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला. भाभा अणुसंशोधन केंद्रात लेझरवर काम केल्यावर त्यांनी इंदूरला ही संस्था उभी केली. भटनागर पुरस्कार आणि २००० साली पद्मश्री त्यांना मिळाली. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांना मुद्दाम सांगावं असं हे नाव आहे.

कॅटमध्ये 'इंडस-१' आणि 'इंडस-२' ही दोन सिंक्रोट्रॉन यंत्रं आहेत. इंडस-२ च्या १७२.५ मीटर घेराच्या कड्यातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात, आणि वळताना क्ष-किरणांसह तीव्र प्रकाश बाहेर टाकतात. देशभरातले संशोधक आपापले नमुने घेऊन तो प्रकाश वापरायला इंदूरला येतात. याच संस्थेत तोंडाच्या कर्करोगाची लक्षणं प्रकाशानं तपासणारं उपकरण आणि क्षयाच्या जंतूंची तपासणी सोपी करणारं उपकरण तयार झालं. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास कॅट विद्यार्थ्यांसाठी दारं उघडतं. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये याच तारखेला रामन परिणामाची घोषणा केली होती, आणि तोही शोध प्रकाशाचाच. अकरावी-बारावीच्या मुलांनी त्या दिवसाची सूचना कधी निघते याकडे लक्ष ठेवावं.

कुठे शिकता येईल, किती खर्च येईल

आता बाबांच्या हिशेबाकडे वळू. आपल्या देशात हा विषय वेगवेगळ्या नावांनी शिकवला जातो. आपल्या इंदूरच्या श्री गोविंदराम सेकसरिया इन्स्टिट्यूटमध्ये उपयोजित भौतिकी आणि ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. आयआयटी दिल्लीत ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स आणि ऑप्टिकल कम्युनिकेशनचं एम.टेक. आहे. कोचीनच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात फोटॉनिक्सचं स्वतंत्र स्कूल आहे. कलकत्ता विद्यापीठात उपयोजित प्रकाशशास्त्राची जुनी परंपरा आहे. नावं आणि जागा बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः पाहून घ्यावं.

एम.टेक.साठी बहुतेक ठिकाणी 'गेट' लागते, भौतिकशास्त्राची किंवा इलेक्ट्रॉनिक्सची. गेट देऊन मान्यताप्राप्त संस्थेत गेलेल्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. म्हणजे घरावर फारसा भार न टाकता दोन वर्षं निघू शकतात. हे बऱ्याच घरांत माहीत नसतं आणि थेट परदेशाचाच विचार सुरू होतो.

परदेशात येना, कार्ल्सरूह, पाडरबॉर्न, बार्सिलोना इथे इंग्रजीतून अभ्यासक्रम आहेत. येनाला शिकवणी फी नाही, फक्त सत्राची वर्गणी. कार्ल्सरूह ज्या राज्यात आहे तिथे आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो फी पडते. पण जर्मनीचा खरा आकडा वेगळाच आहे. व्हिसासाठी सध्या वर्षाचे ११,९०४ युरो आधी बंद खात्यात ठेवावे लागतात, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. ते पैसे आपलेच असतात, दरमहा ९९२ युरो खर्चाला मिळतात, पण आधी उभे तर करावे लागतातच. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र काढावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षातच तयारी सुरू करावी. 'फी नाही' हे ऐकून कर्जाशिवाय जमेल असं मानू नये.

नोकरीचं खरं चित्र

कॅम्पसवर एका दिवसात शंभर मुलांना उचलणाऱ्या कंपन्या या विषयात नाहीत. जागा मोजक्या असतात आणि त्या शोधाव्या लागतात. ज्यांना लगेच, जवळच आणि ठरलेल्या पगाराची नोकरी हवी, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. बरीच मुलं मास्टर्सनंतर पीएच.डी.कडे वळतात, आणखी चार-पाच वर्षं द्यायची घरची तयारी आहे का, हेही आधीच बोलून घ्यावं.

पण कामं आहेत. छत्रपती संभाजीनगरला प्रकाशतंतू बनवणारे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत. हैदराबादला डीआरडीओची उच्च शक्तीच्या लेझरवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. बेंगळुरूला इस्रोची उपग्रहांचे प्रकाशीय सेन्सर बनवणारी प्रयोगशाळा आहे. धातू कापण्याचे लेझर, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची यंत्रं, दूरसंचाराची उपकरणं, या सगळ्यांना ती बसवणारी आणि दुरुस्त करणारी जाणकार माणसं लागतात.

आणि एक मोठं काम मराठवाड्यात उभं राहतंय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा होणार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून जाणारा लेझर, टोकाला चाळीस किलोचे काचेचे आरसे. दूर अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर या भुजांची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलते, आणि तो बदल लेझरनं टिपायचा. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी तो पहिल्यांदा टिपला. हिंगोलीच्या कामात पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि आपलं कॅट यांचा वाटा आहे. जी मुलं आज बी.एस्सी.ला आहेत, ती ऐन उमेदीत असतील तेव्हा या वेधशाळेला माणसं लागतील.

आता तो केस

अर्ज भरण्याआधी एका संध्याकाळी हे करून बघा. लाल लेझर पॉइंटर घ्या. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर स्वतःचा एक केस ताणून चिकटवा. दोन मीटरवर कोरी भिंत. खोलीत अंधार करा आणि किरण केसावर पाडा. किरण कुणाच्याही डोळ्याच्या उंचीवर नको, समोर आरसा किंवा स्टीलचं भांडं नको, लहान मुलं खोलीत नकोत.

भिंतीवर नुसता ठिपका दिसणार नाही. मध्ये एक उजळ पट्टा, आणि दोन्ही बाजूंना उजळ-काळे तुकडे दिसतील. एका बाजूच्या पाच-सहा काळ्या जागा पेन्सिलीनं खुणा करून मोजा आणि दोन लगतच्या जागांमधलं सरासरी अंतर काढा. पॉइंटरवर तरंगलांबी लिहिलेली असते, बहुधा ६५० नॅनोमीटर. ती भिंतीपर्यंतच्या अंतरानं गुणा आणि काळ्या जागांमधल्या अंतरानं भागा. ते अंतर दोन सेंटिमीटर आलं तर केसाची जाडी ६५ मायक्रॉन. घरातल्या फुटपट्टीनं तुम्ही मिलिमीटरच्या पंधराव्या भागाइतकी वस्तू मोजलीत.

आता स्वतःकडे बघा. केस नीट चिकटेना तेव्हा वैताग आला, की तिसऱ्यांदा चिकटवावासा वाटला? एक उत्तर आल्यावर थांबलात, की बहिणीचा, आईचा, आजोबांचा केसही मोजायची इच्छा झाली? जाड वस्तूची नक्षी बारीक आणि बारीक वस्तूची नक्षी मोठी का, हा प्रश्न रात्री डोक्यात राहिला का? हात, हिशेब आणि पदार्थ, तिन्ही या एका प्रयोगात आहेत.

प्रयोग आवडला, तर पुढची पायरी एखाद्या लॅबमध्ये सुट्टीतले सहा-आठ आठवडे काम करायची. आपल्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांना भेटा, कोणत्या संस्थेत उन्हाळी प्रकल्प मिळतो ते विचारा, अर्ज करा. ते आठवडे आवडले तर गेटचा अभ्यास सुरू करा किंवा परदेशाची कागदपत्रं जमवा. नाही आवडले, तर दोन वर्षं आणि काही लाख रुपये वाचले, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. निर्णय कुठलाही होवो, तो फोटो पाहून न होता काम करून बघून झालेला असला, म्हणजे घरात बाबांसमोर बसून बोलताना तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.